‘मंटा’ म्हणजे काय? नव्या सिस्टरांनी वॉर्ड सुधारायला कुठून सुरुवात करायची

अकरा नंबरच्या कॉटवर सोलापूरच्या साखर पेठेतल्या एक आजी होत्या. न्यूमोनिया, तिसरा दिवस, हाताला इंट्राकॅथ, म्हणजे सलाईनसाठी शिरेत ठेवलेली सुई. रात्री अडीचला त्यांनी "मंटा, मंटा" म्हणायला सुरुवात केली. नाईटला बार्शीकडची पोरगी होती, जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा होऊन जेमतेम चार महिने झालेली. तिला वाटलं आजी पाणी मागतायत. पाणी दिलं. मग वाटलं थंडी वाजतेय. चादर दिली, आपली सोलापुरी, जाडजूड. आजींचं मंटा काही थांबेना आणि पोरीला बाकीचे बावीस पेशंट बघायचे होते. पहाटे पाचला मावशी फरशी पुसायला आल्या आणि त्यांनी एका वाक्यात निकाल लावला. "ओ सिस्टर, आजी मघाधरनं मंटा मंटा म्हणलाल्यात की! हात जळजळतोय त्यांचा."

तेलुगूत मंटा म्हणजे जळजळ. पट्टी उचलून बघितली तर सुईची जागा लालभडक, आणि शीर मनगटाच्या वर चार बोटं दोरीसारखी कडक झालेली.

सातला मी ओव्हर, म्हणजे नाईटकडून वॉर्डाचा ताबा घ्यायला पोचले तेव्हा पोरगी रडत होती आणि आजी चांगल्या हाताने तिची पाठ थोपटत होत्या. आजी विड्या वळतात. मजुरी हजार विड्यांवर. एका हातात पान, दुसऱ्यात कात्री, मग तंबाखू भरून दोन्ही हातांच्या बोटांनी वळायचं. हात आठ दिवस सुजला की आठ दिवसांची मजुरी गेली. आपल्या चार्टवर हे सगळं "फ्लेबायटिस", म्हणजे शिरेला सूज, एवढ्या एका शब्दात मावतं, तेही कुणी लिहिलं तर.

मी त्या पोरीला ओरडले नाही. एवढंच विचारलं, "या महिन्यात आपल्या वॉर्डात असे किती हात सुजले?" तिला माहीत नव्हतं. नोकरीला सव्वीस वर्षं झाली, मी इनचार्ज, आणि मलाही माहीत नव्हतं.

पुढच्या दोन महिन्यांत आम्ही दोघींनी जे केलं ते क्रमाने सांगते. तुम्ही नव्याने रुजू झाला असाल, सिस्टर असा की ब्रदर, तर तुमच्या वॉर्डातही हे जमण्यासारखं आहे. पैसा लागत नाही. एक वही, एक मार्कर आणि थोडा चिवटपणा लागतो.

आधी मोजा, मग बोला

नवी पोरं पहिल्या महिन्यात जे बोलतात ते बहुतेक खरं असतं. इथं हात निर्जंतुक करायचा हँडरब नेहमी संपलेला असतो, रिपोर्ट कधीच वेळेवर येत नाहीत, नाईटला माणसंच नसतात. पण "नेहमी" आणि "कधीच" हे शब्द ऐकून एखाद्या मेट्रनने काही बदललंय, असं मी पाहिलेलं नाही. आकडा ऐकून बदललेलं पाहिलंय.

दर 12 मेला आपण नर्सेस डे करतो. पारा 42 च्या पुढे, केकवरचं क्रीम वितळतंय, आणि भाषणात फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा दिवा. तो दिवा सगळ्यांच्या पाठ आहे. तिची वही कुणी सांगत नाही. 1854 मध्ये, क्रिमियाच्या युद्धात, ती तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात गेली आणि तिथलं मरण मोजायला लागली. जखमांपेक्षा कितीतरी जास्त सैनिक घाणीतून होणाऱ्या रोगांनी मरत होते. 1858 मध्ये तिने ते आकडे रंगीत पाकळ्यांच्या आकृतीत मांडले, म्हणजे आकडेमोडीला कंटाळणाऱ्या साहेबांनाही एका नजरेत कळावं. दिवा हातात घेऊन फिरणारी बाई सरकारला हलवू शकली नसती. आकृतीने हलवलं.

मोजायला काय निवडायचं, हे मात्र नीट ठरवा. पगार, स्टाफची भरती, बंद पडलेली लिफ्ट हे विषय पहिल्या वर्षी तुमच्या हातातले नाहीत. वॉर्डातले मृत्यूही निवडू नका. त्यामागे शंभर कारणं असतात आणि तुमच्या छोट्याशा बदलाचा परिणाम त्यात दिसणार नाही. रोज घडणारी, डोळ्यांना दिसणारी आणि तुमच्या स्वतःच्या हातून होणारी गोष्ट घ्या. सलाईनची जागा, दोन तासांनी कूस बदलणं, रात्री दहाचं अँटिबायोटिक प्रत्यक्षात किती वाजता गेलं, डिस्चार्जच्या वेळी पेशंटला गोळ्या समजल्या का. यातली एकच. दोन घेतल्या की दोन्ही अर्धवट राहतात, माझा अनुभव आहे.

आम्ही शंभर पानी वही घेतली आणि पाच रकाने आखले. तारीख, कॉट नंबर, कुठला हात आणि कुठली जागा, पट्टीवर तारीख-वेळ लिहिली आहे का, आणि जागेची अवस्था. पेशंटचं नाव लिहायचं नाही, सिस्टरचं तर मुळीच नाही. ज्या दिवशी वहीत सिस्टरचं नाव आलं त्या दिवशी सगळ्या जणी ती वही लपवायला लागतील.

अवस्थेसाठी व्हीआयपी स्कोर वापरला, म्हणजे सुईची जागा डोळ्यांनी बघून द्यायचा आकडा. नाव मोठं, काम सोपं. जागा चांगली असेल तर 0. थोडं दुखतंय किंवा थोडीशी लाली आहे तर 1, म्हणजे लक्ष ठेवायचं. दुखणं, लाली, सूज यातली दोन लक्षणं दिसली की 2, आणि तिथेच सुई काढून दुसरी जागा बघायची. स्कोर 5 पर्यंत जातो, पण 2 च्या पुढे जाऊ दिला म्हणजे आपण उशीर केला. आजींचा त्या पहाटेचा स्कोर मीच नंतर वहीत लिहिला. आकडा लिहिताना मला बरं वाटलं नाही.

रोज संध्याकाळच्या टीपीआरच्या, म्हणजे ताप-नाडी-श्वास बघायच्या फेरीतच मोजायचं, म्हणजे वेगळा वेळ लागत नाही. दहा दिवस नुसतं मोजायचं. काही बदलायचं नाही, कुणाला टोकायचं नाही. हे दहा दिवस फार अवघड जातात, कारण दिसत असतं आणि तोंड बंद ठेवायचं असतं. अर्थात 2 चा स्कोर दिसला की सुई तिथल्या तिथे काढायचीच, मोजणी चालू आहे म्हणून पेशंटला ताटकळत ठेवायचं नाही.

पहिल्या दिवशी अठरा पेशंटना इंट्राकॅथ होतं. पट्टीवर तारीख होती पाच जणांच्या. म्हणजे तेरा जणांची सुई किती दिवस हातात आहे, हे वॉर्डात कुणालाच माहीत नव्हतं.

कारण माझ्या कपाटात निघालं

इथे बहुतेक ठिकाणी काय होतं? मीटिंग होते, "सर्वांनी तारीख लिहावी" अशी सूचना निघते, सगळ्या जणी सह्या करतात. चार दिवस तारीख दिसते, पाचव्या दिवशी मागचे दिवस पुढे. मी स्वतः अशा पन्नासेक सूचना काढल्या असतील.

त्याऐवजी एका दुपारी आम्ही पाच जण बसलो. मी, ती पोरगी, एक ब्रदर, नर्सिंग कॉलेजची एक विद्यार्थिनी आणि त्याच मावशी. मावशींना बोलवायचं म्हटल्यावर मावशीच लाजल्या, "मला काय कळतंय त्यातलं?" पण कोण सिस्टर पट्टी कशी लावते, कोण मार्कर कुठे विसरते, कुठला पेशंट रात्री का कण्हतो, हे त्यांनाच सगळ्यात जास्त माहीत असतं. तुमच्या वॉर्डात डॉक्टर एक वेळ नसले तरी चालतील, पण मावशी-मामांशिवाय अशी बैठक घेऊ नका.

तारीख का लिहीत नाहीत? विसरतात. का विसरतात? सुई लागली की लगेच दुसरा पेशंट हाक मारतो. मग तिथेच का लिहीत नाहीत? हातमोजे घातलेले असतात, पेन ॲप्रनच्या खिशात असतं, आणि साध्या पेनाने मायक्रोपोरच्या चिकटपट्टीवर नीट उमटतही नाही. मार्कर का वापरत नाहीत? ट्रॉलीवर नसतो. का नसतो?

सगळे गप्प झाले. मग विद्यार्थिनी, जिला अजून नोकरीची भीती नाही, ती म्हणाली, "मॅडम, मार्कर तुमच्या कपाटात असतात. किल्ली तुमच्याकडे."

खरं होतं. मार्कर नातेवाईक घेऊन जातात, डॉक्टर सहीला घेतात आणि खिशात घालून जातात, म्हणून मीच कुलपात ठेवले होते. "का" विचारत विचारत आम्ही माझ्या कपाटापर्यंत येऊन थांबलो. तुम्ही असं "का" विचारत जाल तेव्हा शेवटी माणूस नाही, वस्तूची जागा किंवा कामाचा क्रम सापडला पाहिजे. माणूस सापडला तर अजून एकदा "का" विचारायचं बाकी आहे असं समजा.

एकाच ट्रॉलीवर करून बघा

आमची पहिली कल्पना होती, सगळ्या ट्रॉल्यांना मार्कर बांधायचे. थांबलो. एका ट्रॉलीला, एका शिफ्टला, एकाच सिस्टरने करून बघायचं ठरलं. पुस्तकात याला पीडीएसए म्हणतात. आखा, करून बघा, काय झालं ते तपासा, मग ठेवा, बदला किंवा सोडा. दिल्लीच्या एम्सने आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या दक्षिण-पूर्व आशिया कार्यालयाने मिळून पीओसीक्यूआय नावाचं प्रशिक्षण तयार केलंय, त्यातही हेच आहे, चार पायऱ्यांत. ते मुळात बाळंतीण आणि नवजात बाळांच्या काळजीसाठी बेतलेलं, पण मेडिसिन वॉर्डलाही लागू पडतं. मिळालं तर जरूर करा.

मावशींचे यजमान पॉवरलूमवर आहेत. मावशींनी घरून सुताची मजबूत दोरी आणली, मार्कर छान बांधला. दुसऱ्याच दिवशी इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टर आल्या आणि दोरी बघून वैतागल्या. सुती दोरी पुसता येत नाही, ओली राहते, प्रत्येक हाताचे जंतू घेऊन फिरते. बरोबरच होतं त्यांचं. दोरी गेली, प्लॅस्टिकचं आवरण असलेली वायर आली, शिफ्टच्या शेवटी मार्करसकट पुसायची. कल्पना फसली ती एका ट्रॉलीवर. आठ ट्रॉल्यांवर फसली असती तर सगळ्यांनी मिळून आमची थट्टा केली असती आणि विषय संपला असता.

दुसरा बदल क्रमाचा. हातमोजे घालायच्या आधीच लेबल लिहून स्वच्छ ट्रेमध्ये ठेवायचं, सुई लागली की ड्रेसिंगवर बाहेरून लावायचं. फक्त पट्ट्या फाडून ट्रॉलीच्या दांडीला ओळीने चिकटवून ठेवायची आपली सवय आहे ना, ती सोडा. दांडीवरचं सगळं त्या पट्टीबरोबर पेशंटच्या हातावर येतं.

तिसरी अडचण एप्रिलने आणली. वॉर्डात कूलर आहेत, पण सोलापूरच्या एप्रिलपुढे कूलर काय करणार? घामाने लेबल सुटायला लागली, शाई पसरायला लागली. 14 चं 19 दिसायचं. मग तारीख टीपीआर चार्टवरही लिहायची असं ठरवलं, आणि मार्कर न पुसल्या जाणाऱ्या शाईचा मागवला. थंडीत हे सगळं सुरू केलं असतं तर आम्ही खुशीत पोस्टर करून मोकळ्या झालो असतो.

तारीख लिहिणं सुधारलं तसं हात सुजण्याच्या खऱ्या कारणांकडे बघायला वेळ मिळाला. वहीत दिसत होतं की कोपराच्या घडीत आणि मनगटाच्या सांध्यावर लावलेल्या सुया जास्त त्रास देतायत. हात हलतो, सुई आत घासते. जमेल तिथे हाताच्या पुढच्या भागावर, सांधा सोडून लावायला लागलो. बारीक शिरेला गुलाबी 20 नंबरऐवजी त्याहून बारीक निळी 22 नंबरची सुई. स्पिरिट किंवा क्लोरहेक्सिडीन पूर्ण वाळू द्यायचं, फुंकर मारायची नाही. लावण्याआधी विचारायचं, "आजी, काम कुठल्या हाताने करता?" विडीवाल्या बायका यावर हसतात, कारण उत्तर "दोन्ही" असतं. मग निदान कात्रीचा हात सोडायचा.

आणि सगळ्यात उपयोगी पडलेला बदल फुकटचा होता. सकाळच्या राउंडला प्रत्येक कॉटपाशी एकच प्रश्न, "सर, यांना आज इंट्राकॅथची गरज आहे का?" गोळ्यांवर आलेल्या कितीतरी पेशंटच्या हातात सुई उगीच राहिलेली असायची, "असू दे, लागली तर" म्हणून. नसलेली सुई सुजत नाही. हा प्रश्न विचारायला नव्या सिस्टरला धाडस लागतं. पहिल्या दोन दिवशी त्या पोरीचा आवाज मलाही ऐकू आला नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनीच तिच्याकडे बघून विचारलं, "सिस्टर, आजचा प्रश्न?"

मावशींनी एक कागद तयार करून दिला, तो नर्सिंग स्टेशनला लावलाय. तेलुगूत मंटा म्हणजे जळजळ, नोप्पी म्हणजे दुखणं. कन्नडमध्ये उरी आणि नोवु. सोलापुरात नोकरी करायची तर हे चार शब्द औषधांच्या डोसइतकेच पाठ पाहिजेत.

आलेख काढा, आणि घाई करू नका

आलेखाचा कागद घ्या. आडव्या ओळीवर दिवस, उभ्या ओळीवर त्या दिवशी किती सुयांचा स्कोर 2 किंवा जास्त. रोज एक ठिपका. पहिल्या दहा दिवसांच्या ठिपक्यांची मधली रेघ आखून ठेवा. एका दिवशी ठिपका खाली आला की टाळ्या वाजवू नका, वर गेला की रडू नका. सलग सहा ठिपके रेघेच्या एकाच बाजूला पडले, तर काहीतरी खरंच बदललंय असं म्हणता येतं.

आमचे ठिपके खाली आले. शून्यावर नाही. मध्ये ती पोरगी आठ दिवस रजेवर गेली तेव्हा परत चढले, आणि तेव्हा कळलं की ही सवय अजून वॉर्डाची झालेली नाही, तिच्या एकटीची आहे. मग ओव्हर देताना प्रत्येक पेशंटची सुई दोघींनी मिळून बघायची, हे ओव्हरमध्येच घातलं. अजून एक गोष्ट मोजा, आपल्या सुधारणेने दुसरीकडे काही बिघडत तर नाही ना. आमच्या बाबतीत धास्ती होती की सुया लवकर काढल्याने पुन्हा टोचावं लागेल. काहींना लागलं. थोडक्यांना.

वरच्यांना कसं सांगायचं

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, दुसऱ्या एका इस्पितळात, मी मेट्रनला दोन पानी पत्र लिहिलं होतं. नाईटला औषधं उशिरा जातात, कोण झोपतं, कोण गप्पा मारतं, सगळं नावांसकट. त्यातलं अक्षरन् अक्षर खरं होतं. तीन महिने मला लिनन रूममध्ये चादरी मोजायला ठेवलं. औषधं तशीच उशिरा जात राहिली. नंतर मी इनचार्ज झाले तेव्हा हाताखालच्या पोरींना ओरडण्यात मीही कमी नव्हते.

आता सांगायचं झालं तर चार वाक्यांत सांगते. काय दिसलं, आकड्यात. पेशंटला त्याने काय झालं. आम्ही काय करून बघितलं. तुमच्याकडून काय हवंय. असं: "मॅडम, दहा दिवस मोजलं, पहिल्या दिवशी अठरापैकी तेरा सुयांवर तारीख नव्हती. अकरा नंबरच्या आजींचा हात सुजला, त्या हातावर पोट आहे त्यांचं. एका ट्रॉलीला मार्कर बांधून बघितला, तारीख लिहिली जातेय. बाकीच्या ट्रॉल्यांसाठी मार्कर पाहिजेत." यात कुणाचं नाव नाही, "तुमचं चुकतं" नाही, आणि मागणी इतकी छोटी आहे की नाही म्हणायला लाज वाटावी.

थोडक्यात वाचलेल्या चुका

पेशंटला इजा झाली की सगळे जागे होतात. थोडक्यात वाचला की आपण देवाचे आभार मानतो आणि विसरतो. पहिल्याच वर्षी माझ्या हातून इन्शुलिन जाणार होतं. घरून नातेवाइकांनी आणलेलं मिलीला 100 युनिटचं इन्शुलिन, माझ्या हातात लाल टोपणाची, मिलीला 40 युनिटच्या इन्शुलिनसाठीची सिरिंज. 20 युनिट द्यायचे म्हणून 20 च्या खुणेपर्यंत भरलं. त्या खुणेला अर्धा मिली येतो, म्हणजे 100 च्या इन्शुलिनचे 50 युनिट, अडीचपट. टोचण्याआधी शेजारच्या सिस्टरांनी नुसतं विचारलं, "टोपण लाल का गं?" 100 च्या सिरिंजचं टोपण नारिंगी असतं.

त्या रात्री मी कुणाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून दोन्ही सिरिंजा वेगवेगळ्या कप्प्यांत गेल्या असत्या. आता आमच्या वहीच्या मागच्या पानावर अशा गोष्टी लिहितो, नावाशिवाय. पहिली नोंद मी माझीच केली, पंचवीस वर्षं जुनी. त्यानंतर पोरी लिहायला लागल्या.

तपासणीबद्दल थोडंसं. सरकारी इस्पितळात 2015 पासून स्वच्छतेसाठी कायाकल्प योजना आहे, प्रसूतिगृहांच्या दर्जासाठी 2017 पासून लक्ष्य आहे, खासगीत एनएबीएच ही इस्पितळांना मान्यता देणारी संस्था. त्यांच्या याद्या चांगल्या आहेत, वाचा, कारण काय बघायचं ते त्यातून कळतं. पण आदल्या रात्री भरलेलं रजिस्टर आणि रोज संध्याकाळी भरलेली वही यातला फरक वॉर्डातल्या प्रत्येकाला माहीत असतो.

ती पोरगी आता सर्जरीला गेली. तिथे कूस बदलण्याच्या वेळा मोजतेय, मागच्या आठवड्यात रकाने आखून घ्यायला आली होती. मला विचारलं, "मॅडम, वही संपली, नवी द्याल?" दिली. मार्कर मात्र महिन्याला दोन तरी हरवतात, तेवढे धरूनच स्टोअरकडे इंडेंट, म्हणजे मागणी करा आणि आले की थेट ट्रॉलीवर लावा. माझ्या कपाटाची किल्ली आता मावशींकडे असते.